समजा, एखादी बाई

फेब्रुवारी ९, सोमवार

भग्नहृदयी लोकांच्या जो जवळ असतो, आणि आपले हृदय भग्न झाले आहे की नाही हेच ज्यांना कळेनासे झाले आहे त्यांनाही जो सोडत नाही, त्या दयाळू पित्याची कृपा या वहीवर असो. लिहिणाऱ्याचा हात त्याने खरा ठेवावा.

आता विषय. आज सकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर शनिवारी ‘सुटकेची सभा’ भरते. तेथे लोकांतून दुष्टात्मे काढले जातात आणि आपल्या मंडळीतलेही काही जण जाऊ लागले आहेत. शुभवर्तमानांतील भुते काढण्याचे उतारे संदर्भासह कसे वाचावेत, यावर मंडळीच्या कमिटीला माझा लेखी अभिप्राय हवा आहे. मी सारा जन्म पाळक घडवणाऱ्या विद्यालयात नवा करार शिकवला, तेव्हा हे काम माझ्याकडे येणे रास्तच होते.

“आपल्यातलंच एखादं प्रकरण आहे का?” मी विचारले.

“तसं काही नाही, गुरुजी. आधी तत्त्व ठरू द्या,” असे म्हणून ते चहा अर्धा ठेवून गेले.

चिरंजीव गेल्यापासून हे पहिलेच मोठे लेखन. तो लिफ्ट दुरुस्त करीत असे. एका इमारतीच्या तळघरात हत्यारांच्या पेटीवर बसल्या जागी त्याचे हृदय थांबले. दफनाच्या वेळचे वाचन मी स्वतः केले. आवाज कोठेही अडला नाही. असा विश्वास हल्ली पाहायला मिळत नाही, असे पुष्कळांनी मला सांगितले.

संध्याकाळी सूनबाई चष्म्याच्या दुकानातून आली. माझ्या चष्म्याची दांडी वाकलेली तिला दारातूनच दिसली. पर्समधला बारीक पेचकस काढून तिने ती सरळ केली, काचा पुसल्या, चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि आत गेली. घर शांत आहे. ती नीट आहे. आम्ही दोघेही नीट आहोत.

फेब्रुवारी १२, गुरुवार

आज शास्त्राभ्यासाचा वर्ग झाला. वर्गाचा नियम जुना आहे आणि तो मीच घातलेला आहे. येथे कोणी ‘मी’ म्हणायचे नाही. स्वतःचे दुःख, स्वतःचे स्वप्न, स्वतःचा साक्षात्कार, सारे चपलांबरोबर बाहेर. प्रश्न विचारायचा तर “समजा, एखादा मनुष्य आहे” अशी सुरुवात करायची. त्यामुळे वचन मोकळे राहते. माणसे आपापली गाठोडी त्यावर टाकीत नाहीत.

अभिप्रायाच्या तयारीसाठी मुकेपणाचे उतारे घेतले. लूकच्या अकराव्या अध्यायात प्रभू एक मुके भूत काढतो आणि मुका बोलू लागतो. मार्कच्या सातव्या अध्यायात मात्र बहिऱ्या-तोतऱ्या मनुष्याच्या कथेत भुताचा उल्लेखच नाही. प्रभू त्याला लोकसमुदायातून एकीकडे नेतो, त्याच्या जिभेला स्पर्श करतो, आकाशाकडे पाहून उसासा टाकतो. वरून लक्षण सारखेच, पण शुभवर्तमानकार त्याला दोन ठिकाणी दोन गोष्टी म्हणतात. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही आजाऱ्यांची जी यादी आहे, तीत भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही प्रत्येक आजार भूतच वाटे असे नव्हे. हा आपला उतावीळपणा आहे.

कंपाउंडर, जे निवृत्त होऊनही सगळ्यांचे कंपाउंडरच राहिले आहेत, म्हणाले, “समजा, एखाद्या माणसाची बायको अजिबात गप्प बसत नाही. तर तिच्यात कोणता आत्मा म्हणायचा?”

वर्ग हसला. सूनबाई मागच्या बाकावर होती. ती हसली नाही, पण ती वर्गात हसतच नाही.

फेब्रुवारी १५, रविवार

उपासनेनंतर बालवर्गाच्या खोलीतून दुसऱ्याच बाईंचा आवाज येत होता. हा वर्ग सूनबाई लग्नाच्या आधीपासून घेते. आज ती प्रार्थनामंदिरातच शेवटच्या बाकावर बसून राहिली होती.

“आज तू नाहीस?”

“नाही बाबा. सध्या त्या घेतायत.”

“पाळीपाळीने ठरलंय वाटतं. चांगलं आहे, तुलाही विसावा.”

“हो,” ती म्हणाली.

दाराशी भगिनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई भेटल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, “तुम्ही लिहिताय ना ते? जरा सांभाळून लिहा हो. लहान मुलांचा प्रश्न आहे.” अभिप्रायात लहान मुलांचा काय संबंध, ते मला कळले नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातला भूतग्रस्त मुलगा त्यांच्या मनात असावा.

फेब्रुवारी १७, मंगळवार

‘रिकाम्या घरा’चा उतारा लिहून झाला. अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन पाहतो तो घर झाडलेले, सजवलेले आणि मोकळे; मग आणखी सात जणांना घेऊन येतो. हा उतारा कोणा एका रोग्याविषयी आहे असे समजून लोक घाबरतात. मत्तय मात्र त्याचा शेवट ‘या पिढीचेही असेच होईल’ असा करतो. संदर्भ सोडला की दृष्टान्ताचा धाकदपटशा होतो.

दुपारी चिरंजीवांची खोली झाडली. बूट पुसून पुन्हा पलंगाखाली ठेवले. खोली उत्तम स्थितीत आहे.

फेब्रुवारी १९, गुरुवार

मार्क, नववा अध्याय. मुका आत्मा लागलेला मुलगा. शिष्यांना तो निघत नाही. प्रभू डोंगरावरून उतरतो तेव्हा शास्त्री शिष्यांशी वाद घालीत उभे असतात आणि मुलगा तसाच.

मागच्या बाकावरून सूनबाई म्हणाली, “प्रभू त्या बापाला विचारतो, याला असं होऊन किती काळ झाला. त्याला माहीत नव्हतं का?”

प्रश्न चांगला होता. मी सांगितले की येथे प्रभूला माहितीची गरज नाही. हा प्रश्न वाचकांसाठी आहे. रोग जुना आहे हे त्यातून कळते आणि पुढच्या सामर्थ्याची थोरवी वाढते. निवेदनाची ती एक रीत आहे. तिने मान हलवली. मग थोड्या वेळाने पुन्हा हात वर केला.

“समजा, एखादी बाई आहे. तिच्या घरात मृत्यू झाला आणि तिला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. लोक म्हणतात तिच्यात मुका आत्मा आहे. आणि समजा तिलाही तसंच वाटायला लागलं. तर तिने त्या सभेला जावं का?”

इतका नेटका प्रश्न वर्गात क्वचित येतो. मी उत्तरही नेटके दिले. शास्त्र अशा बाईवर आरोप करीत नाही. परंतु प्रार्थना मागायला जाण्यास शास्त्राची मनाईही नाही. तिला स्वतःला जावेसे वाटत असेल तर जाण्यात पाप नाही. अट एवढीच, की निर्णय तिचा असावा.

सगळे आपापल्या बायबलात पाहू लागले. कंपाउंडर आपल्या टोपीकडे पाहत होते. विषय सगळ्यांच्या पचनी पडला असे मला वाटले.

फेब्रुवारी २३, सोमवार

सूनबाईच्या ताटातले बटाटे तसेच राहिले. कालही तसेच. उन्हामुळे भूक मरते. मी म्हटले, “दूध तरी घे.” ती म्हणाली, “शनिवारनंतर घेईन, बाबा.” दुकानात शनिवारी मालाची मोजदाद असेल, त्याची धावपळ असावी.

मग तिने विचारले, “भुतांची ही जात प्रार्थनेने आणि उपवासाने निघते असं मार्कात लिहिलंय ना?”

मला आनंद झाला. मी तिला बसवून समजावले की ‘आणि उपवासाने’ हे शब्द सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. ते मागाहून आले असावेत. तिने लक्षपूर्वक ऐकले. नंतर ताट उचलून बटाटे झाकून ठेवले.

फेब्रुवारी २६, गुरुवार

आज सूनबाई वर्गाला आली नाही. वर्ग सुटल्यावर कंपाउंडर मागे राहिले. खिडक्या लावण्यात त्यांनी उगीच वेळ काढला.

“गुरुजी, ती परवा जाणार आहे.”

“कोण?”

“कोण म्हणजे? तुमची सून.” ते खाली बसले. “तुम्हाला खरंच माहीत नाही? बायकांनी तिच्याकडून पोरांचा वर्ग काढून घेतला. नवरा गेला तरी डोळ्याला पाणी नाही, अशा बाईकडे लेकरं कशी द्यायची, असं. त्या हॉलमध्ये जाऊन सुटका करून घे, मग बघू म्हणाल्या. सभा चालवणाऱ्याने तिला उपास सांगितलाय. आत्मा बाहेर पडताना किंचाळतो, तसा तो किंचाळला की झालं म्हणे. नाही किंचाळला तर जबडा धरून हलवतात.”

“पण तिने मला विचारायला हवं होतं.”

कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. “विचारलं की. इथेच, सगळ्यांच्या देखत. आणि तुम्ही जा म्हणालात.”

“तिने ‘एखादी बाई’ म्हटलं होतं.”

“इथे दुसरं काय म्हणता येतं, गुरुजी? मी पाच वर्षं माझ्या मधुमेहाबद्दल ‘एखाद्या माणसाचा पाय’ म्हणून प्रार्थना मागतोय.”

ते गेल्यावर मी फळा पुसला. फळ्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

फेब्रुवारी २७, शुक्रवार

दिवसभर बसून खंडन लिहिले. संध्याकाळी ती आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिला सारे वाचून दाखवले. पहिले, शास्त्रात अश्रू न येणे हे कोठेही भूतबाधेचे लक्षण नाही. दुसरे, नवव्या अध्यायातल्या त्या मुलाला आत्मा आगीत व पाण्यात टाकी; न रडण्याशी त्याचा काही मेळ नाही. तिसरे, उपवासाचे ते शब्द धरले तरी ते शिष्यांना सांगितलेले आहेत. उपाशी राहायचे ते काढणाऱ्याने. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर प्रभूने पहिली आज्ञा दिली ती तिला खायला देण्याची.

ती पेचकसाने कोणाची तरी फ्रेम जुळवीत होती. वाचन संपले तेव्हा म्हणाली, “बरोबर आहे, बाबा. सगळं बरोबर आहे.”

“मग जाऊ नकोस.”

“मला माझी पोरं परत हवी आहेत. वर्गातली.” फ्रेम तिने टेबलावर ठेवली. “आणि तसं नसतं तरी गेले असते. तो म्हणतो आत काहीतरी आहे. दुसरं कोणी म्हणत नाही की आत काही आहे. मला तर वाटतं काहीच नाही. त्यापेक्षा भूत बरं.”

मी म्हणालो, “ती वृत्ती मानसिक आहे, आत्मिक नव्हे.”

“हो,” ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.

माझ्या प्रतिपादनात चूक नाही. मी ते पुन्हा वाचले. चूक सापडत नाही.

फेब्रुवारी २८, शनिवार

दुपारी तिच्याबरोबर गेलो. तिने नको म्हटले नाही. जिना टायरच्या दुकानातून वर जातो. रबराचा वास हॉलपर्यंत येतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी वाजवणारा, भिंतीशी पाण्याचे पिंप. पुढे रांग होती. सभा चालवणारा माझा जुना विद्यार्थी निघाला. ग्रीकमध्ये दोनदा नापास झाला होता आणि प्रार्थना मात्र सुरेख करीत असे. मला पाहून तो घामाघूम झाला. खुर्ची आणवली, पंखा माझ्याकडे फिरवला.

“गुरुजी, तुम्ही आशीर्वादाला आलात, आमचं भाग्य.”

“सकाळपासून काही खाल्लंस?” मी विचारले.

“खाल्लं की, गुरुजी. दिवसभर उभं राहायचं असतं.”

 खिशात खंडनाचे कागद होते. येथे उभे राहून ते वाचावेत, असे ठरवूनच आलो होतो. समोर एक बाई किंचाळत होती, तिचा जबडा दोघांनी धरला होता, आणि मागची माणसे मोठ्याने स्तुती करीत होती. सूनबाई रांगेत उभी होती. उपवासाने तिचे ओठ सुकले होते. चेहऱ्यावर भय नव्हते, आशाही नव्हती. तो चेहरा मी ओळखला. रोज दाढी करताना मी तो पाहतो.

मी रांगेत जाऊन तिच्या पुढे उभा राहिलो.

“बाबा, काय करताय?” ती हळू म्हणाली.

पाळी आली तेव्हा विद्यार्थी हसला. “गुरुजी, तुम्ही बसा ना.”

“मुका आत्मा आहे,” मी म्हणालो. “माझा मुलगा गेला. मी रडलो नाही. दफनाचं वाचन मी केलं, घसा खाकरावाही लागला नाही. तेव्हा नाही, आजवर नाही. हिच्यात जे आहे तेच माझ्यात आहे. वयाने मी मोठा आहे, आधी माझ्यातलं काढ.”

पेटी थांबली. त्याने हात वर उचलला होता, तो माझ्या डोक्यापर्यंत आला नाही.

“काहीतरीच काय, गुरुजी. तुमच्यात कसं असेल? तुमचा तो विश्वास. आम्ही उदाहरण म्हणून सांगतो.”

“मग हिच्यातही तोच विश्वास आहे, असं म्हण. नाहीतर माझा जबडा धर.”

 खालून दुकानातल्या हवा भरण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. मग त्याने हात खाली घेतला, आणि विद्यालयात उत्तर न आल्यावर म्हणत असे तसेच म्हणाला, “मला माहीत नाही, गुरुजी.”

“मलाही नाही,” मी म्हणालो.

आम्ही जिना उतरलो. ती माझा दंड धरून होती; तिला भोवळ येत होती की मला, ते कळत नव्हते. घरी येऊन मी दूध गरम केले, बटाटे सोलले. तिने खाल्ले. आम्ही दोघेही रडलो नाही. मला वाटले होते आता येईल. आले नाही.

ताट पुसता पुसता ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला असं होऊन किती काळ झाला?”

हा प्रश्न निवेदनाची रीत आहे, असे मी वर्गात सांगितले होते. मी खुर्चीवर बसलो. उत्तर माझ्याजवळ होते हे मला ठाऊक नव्हते.

“त्याचे बूट काढत होतो. शवागारात. एका नाडीची गाठ सुटेना. तिथला माणूस म्हणाला, कापतो. मी म्हटलं, नको, सुटेल. मी ती गाठ सोडवत बसलो. ती सुटली, आणि मला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं. तेव्हापासून.”

तिने फडके खाली ठेवले. “मला फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या चष्म्याला स्क्रू लावत होते. ऐकलं, हो म्हटलं, आणि स्क्रू पुरा बसवला. त्यांना विचारलंसुद्धा, नाकावर टोचत नाही ना. त्या म्हणाल्या, अगदी छान बसलाय.” ती माझ्यासमोर बसली. “तेव्हापासून.”

 बाहेर उजेड होता.

मार्च १, रविवार

अभिप्राय पाळकसाहेबांच्या हाती दिला. उतारे, हस्तलिखिते, संदर्भ सारे आहे. त्याआधी एक वाक्य नव्याने जोडले. कोरड्या डोळ्यांमुळे कोणाकडून लेकरे काढून घ्यायची असतील, तर त्याच कारणाने माझ्याकडून वर्ग व व्यासपीठ आजच काढून घ्यावे.

पाळकसाहेबांनी ते उभ्यानेच वाचले. “कमिटीला जरा अवघड जाईल, गुरुजी.”

“जाऊ द्या.”

“हे प्रकरण तिचं आहे, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं मी.”

“मी विचारलं होतं,” मी म्हणालो. मग आठवले की मी एकदाच विचारले होते, आणि तेही तिला नव्हे.

उपासनेनंतर सूनबाई बालवर्गाच्या खोलीत गेली. कोणी बोलावले नव्हते. दाराशी मुलांची एक बुटकी खुर्ची होती, तीवर मी बसलो. गुडघे छातीशी आले. अध्यक्षीणबाई आल्या, तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“तुम्ही इथे, गुरुजी?”

“मी आजपासून बालवर्गात,” मी म्हणालो. “ग्रीक झालं, आता हे.”

त्या आत गेल्या नाहीत. परतही लगेच गेल्या नाहीत. आत एक मुलगी सूनबाईला सांगत होती की दुसऱ्या बाई गोष्ट सांगताना आवाज काढीत नाहीत. सूनबाईने सिंहाचा आवाज काढला. फारसा मोठा नव्हता. मुलांनी तो चालवून घेतला.

मार्च ५, गुरुवार

वर्गात नवव्या अध्यायाचा तोच उतारा पुन्हा घेतला. मागे दिलेले उत्तर अपुरे होते असे सांगितले. प्रभूने किती काळ झाला असे विचारले तेव्हा शास्त्री वाद घालीत होते, गर्दी धावत येत होती, आणि त्या मुलाच्या बापाला त्या साऱ्या दिवसात तेवढा एकच प्रश्न कोणी विचारला होता. बाप उत्तर देतो, ‘बाळपणापासून’, आणि त्यानंतरच त्याच्या तोंडून आपल्या अविश्वासाची कबुली निघते. आत्मा नंतर निघाला. मुलगा मेल्यासारखा पडला, पुष्कळांना तो मेलाच असे वाटले, आणि प्रभूने त्याला हात धरून उठवले. या क्रमाकडे माझे लक्ष इतकी वर्षे गेले नव्हते.

मग ‘मी’ न म्हणण्याचा नियम काढून टाकल्याचे सांगितले.   अखेर कंपाउंडर उठले.

“समजा, एखादा कंपाउंडर आहे,” त्यांनी सुरुवात केली, थांबले, टोपी काढली. “माझा पाय दुखतो,” ते म्हणाले आणि खाली बसले.

सूनबाई मागच्या बाकावरून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

घरी आल्यावर चिरंजीवांचे बूट पलंगाखालून काढून दाराशी, आमच्या चपलांजवळ ठेवले. का, ते मला अजून सांगता येत नाही. आत काही हलले असेही म्हणवत नाही. सूनबाईने ते पाहिले आणि आपल्या चपला थोड्या सरकवून जागा केली.

माझ्यामागे ही वही ज्या कोणाच्या हाती पडेल, त्याला आसवे येत असोत वा नसोत, ज्या प्रभूने त्या बहिऱ्याला गर्दीतून एकीकडे नेऊन उसासा टाकला तो त्याच्याही शेजारी बसो. त्याला कोणीतरी वेळेवर विचारो, आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यायला थांबो. वाचणाऱ्या सर्वांवर त्याची शांती असो. आमेन.